सावकार कोण होणार?

इतिहासाच्या तासाला मुलांकडून भूमिका करून घ्यायच्या म्हटलं की शाळेत पहिला विषय निघतो तो कपड्यांचा. जिरेटोप कुठून आणायचा, दाढी कोण चिकटवणार, फेटा कोणाला बांधता येतो. जयंत्या-पुण्यतिथ्यांना आमच्याकडे हे सगळं हौसेने होतं आणि मीही काजळपेन्सिल घेऊन मिशा काढत उभी असते. पण त्याला इतिहास शिकवणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलगा पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. त्याच मुलाला विचारा, तू आत्ता जोतीराव आहेस ना, मग सांग, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर एवढा जोर का दिलास? तो माझ्या तोंडाकडे बघतो. भाषणात ते नव्हतं.

यात मुलाचा दोष नाही. थोर माणसाची भूमिका करणाऱ्याला अडखळायची, घोटाळ्यात पडायची, उत्तर सुचत नाही म्हणून गप्प बसायची मुभाच नसते. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर समोर बसलेले पालक अस्वस्थ होतात. म्हणून आठवीच्या वर्गात हा प्रयोग नीट करायचं ठरवलं तेव्हा मी मुद्दाम असा प्रसंग शोधला, ज्यातल्या माणसांचे पुतळे नाहीत.

तो प्रसंग म्हणजे १८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव, पुस्तकांतले ‘दख्खनचे दंगे’. परीक्षेपुरता तो चार ओळींत संपतो. पण आमची शाळा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात आहे आणि हे सगळं आमच्या अंगणात घडलेलं आहे. १२ मे १८७५ ला सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, कर्जाची खतं आणि वह्या मागितल्या आणि जाळून टाकल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामती तालुक्यात आहे. बाजाराचं गाव, त्यामुळे दुकानदार आणि सावकार पुष्कळ. पुढच्या दोन महिन्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तिसाहून जास्त गावांत हेच झालं. पोलीस चौक्या बसल्या, लष्कर आलं, ९५१ लोकांना अटक झाली.

वर्गात सुपे म्हटल्यावर निम्म्या मुलांच्या डोळ्यांपुढे नगर रस्त्यावरचं एमआयडीसीचं सुपे आलं. ते पारनेर तालुक्यातलं. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हेच, असं सांगितल्यावर मात्र माना वर झाल्या. चौथीपासून ऐकलेलं नाव एसटीने जाता येईल इतक्या जवळ आहे, याचं मुलांना फार अप्रूप वाटलं.

दंगा करून दाखवायचा नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. सगळ्यांची तोंडं उतरली. कागद जाळायला मिळतील, आरडाओरडा करायला मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. आपण करणार होतो ते दंग्यानंतरचं. १८५७ ला अजून वीस वर्षंही झालेली नव्हती, त्यामुळे भारत सरकारने मुंबई सरकारच्या मागे लागून चौकशी आयोग नेमायला लावला. त्या आयोगापुढच्या साक्षी आम्ही घेणार होतो. प्रश्न आणि उत्तरं. कोणालाही भाषण पाठ करायचं नव्हतं, कारण समोरचा काय विचारील हे कोणालाच माहीत नसणार होतं.

नियम मोजकेच. आपण १८७५-७६ मध्ये आहोत, त्यामुळे पुढे काय झालं हे कोणालाही ठाऊक नाही. गांधीजी नाहीत, सहकारी सोसायट्या नाहीत, कर्जमाफी नाही. (कर्जमाफी नाही म्हटल्यावर मागच्या बाकावरून खरा हळहळणारा आवाज आला.) आपल्या चिठ्ठीवर जे लिहिलंय तेवढंच आपल्याला माहीत, दुसऱ्याची चिठ्ठी बघायची नाही. आणि आपल्या माणसाची बाजू त्याच्यासारखी मांडायची, त्याची टिंगल करायची नाही. एका मुलाने विनंती केली की महाराज स्वप्नात येऊन शेतकऱ्यांना धीर देतात असा प्रवेश घालू या. आयोग स्वप्नं लिहून घेत नाही, असं सांगून मी तो प्रस्ताव नम्रपणे फेटाळला.

चिठ्ठ्या तयार करायला मात्र घाम निघाला. वर्गातल्या प्रत्येकाला काहीतरी काम हवं. रयत आठ-दहा जण, सावकार, पाटील, कुलकर्णी, मामलेदार, कोर्टाचा बेलीफ, मुंबईचा कापूस व्यापारी, पुण्याच्या सार्वजनिक सभेचा माणूस, आयोगाचे सदस्य आणि साक्षी उतरवून घेणारे कारकून. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर त्याला काय माहीत आहे, काय हवं आहे आणि कशाची भीती वाटते, इतकंच लिहायचं. कापूस व्यापाऱ्याला अमेरिकेतलं यादवी युद्ध ठाऊक होतं. १८६१ मध्ये ते पेटल्यावर इंग्लंडच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस आटला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा एकरामागे शंभर रुपयांपर्यंत उचल सुखाने मिळत होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. रयतेच्या चिठ्ठीवर यातलं काहीच नव्हतं. तिथे एवढंच लिहिलं होतं: ‘पूर्वी सावकार मागेल तेवढं द्यायचा. आता दारात उभा करत नाही. का ते कळत नाही.’

खरी गंमत केली ती कर्जखतांत. तेव्हाचा असा व्यवहार मोडी लिपीत चालायचा. ओळखीच्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून मी खतं मोडीत लिहून घेतली. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘कारणे खत लिहून देतो ऐसाजे’, सगळं जुन्या वळणाचं. देवनागरी प्रत फक्त सावकार आणि कुलकर्ण्याकडे. रयत झालेल्या मुलांच्या हातात मोडीतला कागद आला तेव्हा ते तो उलटासुलटा करून बघत बसले. “मॅडम, ह्यात काय लिव्हलंय?” मी म्हटलं, सावकाराला विचार.

मुलं अंगठा उठवायला शाईचा पॅड शोधत होती. अंगठ्याची पद्धत पुढची. सही न येणारा कुणबी कागदाखाली नांगराची निशाणी करायचा. मग प्रत्येकाने आपल्या खताखाली नांगर काढला. कोणाचा नांगर विळ्यासारखा झाला, एकाने उत्साहाच्या भरात बैलही जोडले. रयतेच्या चिठ्ठीवर होतं: ‘तुझ्या हातात ८० रुपये आले.’ खतात रक्कम होती १००. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. साक्षीच्या वेळी ते बाहेर पडतं का, हे बघायचं होतं.

खताचा हिशेब गणिताच्या सरांनी त्यांच्या तासाला करून घेतला, त्यांचे उपकारच. दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा खताची मुदत तीन वर्षं ठरवली. व्याज साचत जाऊ नये हा हेतू. सावकाराने केलं काय, तर दर तीन वर्षांनी मुद्दल अधिक व्याज हेच नवं मुद्दल धरून नवं खत लिहून घ्यायचं. शंभराचे तीन वर्षांनी १७२. त्या १७२ चे पुढच्या तीन वर्षांनी २९५ रुपये ८४ पैसे (आणे-पै आम्ही सोडून दिले). मग ५०९. बारा वर्षांनी ८७५. खत न बदलता साधं व्याज मोजलं असतं तर ३८८ झाले असते. आणि दामदुपटीचा जुना रिवाज पाळला असता, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, तर २०० वर थांबलं असतं. फळ्यावर तिन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर सर म्हणाले, वर्ग इतका शांत चक्रवाढ व्याजाच्या धड्यालाही नसतो.

आता सावकार. कोणी व्हायला तयार नाही. रयतेसाठी हातांची झुंबड, कलेक्टरसाठी त्याहून जास्त, सावकाराला एकही नाही. शेवटी वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. कारण विचारलं तर म्हणाली, “त्याला बोलायला जास्त मिळंल.” तिला मी कर्ड्याचा काळूराम दिला. हा खरा माणूस. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात डिसेंबर १८७४ मध्ये त्याने बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर कोर्टाचा हुकूमनामा बजावला आणि त्याचं घर पाडायला निघाला. गावाने समजावून पाहिलं, तो ऐकेना. मग गावाने बहिष्कार घातला. दुकानातून माल घ्यायचा नाही, त्याची शेती कोणी करायची नाही. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्यांनी काम बंद केलं. पुढे हा बहिष्कार गावोगाव पसरला आणि सावकार तालुक्याच्या गावी पळू लागले, तर सामान न्यायला गाडीवान मिळेनात.

बहिष्काराबाबत माझा एक कडक नियम होता: तो वर्गाबाहेर न्यायचा नाही, मधल्या सुट्टीत तर अजिबात नाही. बहिष्कार आमच्या भागात फक्त पुस्तकात राहत नाही, जातपंचायतींचे प्रकार मुलांनी ऐकलेले असतात. २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा मी त्यांना सांगितला. लगेच प्रश्न आला: मग आज कर्ड्याच्या लोकांवरच केस झाली असती का? अर्धा तास त्यावर गेला. दुबळ्याने बळकटाला वाळीत टाकणं आणि बळकटांनी दुबळ्याला टाकणं यात फरक आहे, असं एक गट म्हणत होता. न्हाव्याला आणि सुताराला कोणी विचारलं होतं का, त्यांनी नाही म्हटलं असतं तर गावाने त्यांना ठेवलं असतं का, असं दुसरा. मी कोणाच्याच बाजूने बोलले नाही. खरं सांगायचं तर माझं स्वतःचंही त्यावर एक मत नाही.

तयारी चालू असताना एका पालकांचा फोन आला. मारवाडी कुटुंब, गावात तीन-चार पिढ्यांचं किराणा दुकान. आवाज चढलेला नव्हता. “मॅडम, पोरगं सांगतंय, वर्गात मारवाडी-मारवाडी चाललंय. त्याला त्रास नको व्हायला.” त्यांची काळजी रास्त होती. दंग्यात लोकांचा रोख मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता, हे तर आयोगानेच नोंदवलं आहे. ते लपवून इतिहास शिकवता येत नाही. पण त्याच आयोगाने आणखी एक गोष्ट टिपली आहे: जिथे ब्राह्मण सावकारही होते तिथे बहुतेक वेळा त्यांना हात लागला नाही. मी म्हटलं, तुमचा मुलगा आयोगाचा सदस्य आहे, हे त्यालाच विचारू द्या. तोवर मी दोन सावकार ठेवलेच होते, एक काळूराम आणि एक गावातलाच ब्राह्मण सावकार. दोघांच्या खतांवर व्याजाचा दर मुद्दाम सारखा ठेवला होता.

साक्षींच्या दिवशी दोन तास जोडून घेतले. खेळाचा तास मागावा लागला. त्याच्या बदल्यात मी काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. कपडे कोणाचेच नव्हते. गणवेशावर कागदाचा बिल्ला, त्यावर नाव आणि गाव, बस्स. शिक्षकांचं टेबल आडवं लावून आयोग बसला.

पहिला साक्षीदार रयत. त्याने आपलं दुःख भरभरून सांगितलं: दुष्काळ, बैल मेला, लेकीचं लग्न. चिठ्ठीवर बैल नव्हता, तो त्याने स्वतःचा घातला. घरचाच असावा. अध्यक्षांनी विचारलं, कर्ज किती घेतलं? “ऐंशी.” काळूरामने बसल्या जागेवरून कागद वर धरला: “शंभर. खाली याचा नांगर आहे.” रयत उसळला, ऐंशीच दिले, देवाशपथ ऐंशी. आयोगाने कुलकर्ण्याला वाचायला सांगितलं. कुलकर्णी वाचतो, शंभर. वर्गात एकच गलका. रयत झालेला मुलगा आपल्याच हाताने काढलेल्या नांगराकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मला वाचताच येत नव्हतं तर मी काय करणार?” हे त्याला कोणी लिहून दिलेलं नव्हतं. अध्यक्ष झालेल्या मुलीनेही न सांगता उत्तर दिलं: “कोर्टात कागद चालतो.” एवढं बोलून तिने पुढचा साक्षीदार बोलावला. १८७५ च्या मुन्सफ कोर्टात रयतेचं काय होत असेल ते मी व्याख्यानात कितीही रंगवलं असतं, तरी या तीन शब्दांइतकं पोचलं नसतं.

काळूरामची साक्ष सगळ्यात लांबली. पोरीने तयारी केली होती. “सरकार शेतसारा रोख मागतं आणि मुदतीत मागतं. पीक येवो न येवो. त्या वेळी हे लोक कोणाकडे येतात? माझ्याकडे. मी दिला नसता तर यांची जमीन सरकारनेच काढून घेतली असती.” कोणीतरी ओरडलं, मग आता का देत नाहीस? ती म्हणाली, “मुंबईच्या व्यापाऱ्याने हात आखडला. मला मिळालं तर मी देईन ना!” आणि तिने थेट कापूस व्यापाऱ्याकडे बोट केलं. तो बिचारा आपली पाळी संपली म्हणून निवांत बसला होता. त्याला पुन्हा उभं राहून अमेरिकेचं युद्ध सांगावं लागलं. तेव्हा कुठे रयत झालेल्या मुलांना कळलं की आपल्या दारातला दुष्काळ कुठून कुठून आला होता. एक जण म्हणाला, “म्हणजे तिकडचं भांडण मिटलं म्हणून हिकडं आमची वाट लागली?” हो. आजही सोयाबीनचा भाव शिकागोत हलतो, हे त्याला घरी माहीत होतंच.

मग गावातला सावकार. प्रश्न विचारायला उठला तो किराणा दुकानवाल्यांचा मुलगा.

“तुमचा व्याजाचा दर यांच्यापेक्षा कमी आहे?”

“नाही. तेवढाच.”

“मग लोक तुमच्या दारात का आले नाहीत?”

चिठ्ठीवर याचं उत्तर नव्हतं. सावकार झालेल्या मुलाने बराच वेळ घेतला. मी मध्ये पडले नाही. मग म्हणाला, “मी गावातलाच आहे. मुहूर्त विचारायला माझ्याकडंच येतात.” आयोगाचा सदस्य “बरं” म्हणून खाली बसला. पुढे तासात त्यावर चर्चा झाली: राग व्याजाचा होता की परकेपणाचा, की दोन्हींचा, आणि कुठे एक संपून दुसरा सुरू होतो. त्या पालकांचा फोन पुन्हा आला नाही. मुलाने घरी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण संक्रांतीला तिळगुळाची पिशवी जरा मोठी आली.

आयोगाच्या सदस्यांच्या चिठ्ठीवर मी एक ओळ जास्तीची टाकली होती: ‘सरकारी सारा हे दंग्याचं कारण नाही, असं निघालं तर वरिष्ठ खूश होतील.’ बाकीच्यांना ती माहीत नव्हती. इंदापूरच्या बाजूचा रयत झालेला मुलगा साऱ्याबद्दल बोलू लागला. इंदापुरात १८३६ च्या सुमारास तीस वर्षांसाठी सारा ठरला होता. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये नवी आकारणी झाली आणि त्या वेळी सारा पन्नास ते शंभर टक्क्यांपर्यंत वाढला, तोही नेमका कापसाचे भाव पडल्यावर. त्याने दोनच वाक्यं बोलली असतील. अध्यक्ष म्हणाल्या, “विषयाला धरून बोला. सावकाराने काय केलं ते सांगा.” त्याने पुन्हा सारा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो चिडून माझ्याकडे वळला: “मॅडम, ह्या ऐकूनच घेईनात!” मी १८७५ मध्ये नव्हतेच, त्यामुळे काही बोलले नाही.

नंतर ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली तेव्हा वर्ग संतापला. मग मी सांगितलं की खऱ्या आयोगापुढेही हा प्रश्न होताच, सरकारी साऱ्यामुळे लोक उठले का. १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेलेल्या त्याच्या अहवालाने कारण म्हणून बोट दाखवलं ते सावकाराकडे, साऱ्याकडे नाही. माझी चिठ्ठी हा अर्थातच माझा डाव होता; खऱ्या सदस्यांच्या खिशात अशी ओळ होती असं मी म्हणत नाही. पण सरकारने नेमलेला आयोग सरकारबद्दल काय म्हणेल, हा प्रश्न आता मुलं विचारत होती.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाचं काम झालं ते ज्यांना बिनमहत्त्वाचं वाटलं होतं त्यांच्याकडून, कारकुनांकडून. चार मुलं कोपऱ्यात बसून साक्षी उतरवत होती. भूमिका मिळाली नाही म्हणून त्यातली दोघं तर रुसलेली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वह्या वाचून दाखवल्या. पहिल्या रयतेच्या पाच मिनिटांच्या साक्षीचं लेखी रूप असं: ‘साक्षीदार शेती करतो. ८० रुपये घेतले म्हणतो. खत १०० चे आहे. निशाणी कबूल.’ बस्स. बैल गेला, लेकीचं लग्न गेलं, “मला वाचताच येत नव्हतं” हेही गेलं. दुसऱ्या कारकुनाने बैल ठेवला होता, पण लग्न नव्हतं. काळूरामची साक्ष मात्र चौघांच्याही वह्यांत पानभर होती, कारण ती मुद्देसूद बोलली होती आणि उतरवून घ्यायला सोपी होती. पहिला रयत झालेला मुलगा हिरमुसून म्हणाला, “माझं एवढंच?” मी विचारलं, दीडशे वर्षांनी कोणाला तुझ्याबद्दल लिहायचं असेल तर तो काय वाचेल? त्याने कारकुनाच्या वहीकडे बोट दाखवलं. इतिहासाची साधनं, लिखित साधनं, सरकारी साधनं या मथळ्याखाली मी वर्षानुवर्षं जे फळ्यावर लिहीत आले, ते त्या दिवशी लिहावं लागलं नाही.

आक्षेप आले, आणि त्यातले काही खरेही आहेत. एवढ्या वेळात दोन धडे झाले असते, असं स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं. झालेच असते. हे कुठल्या रकान्यात बसवणार, असं दुसऱ्या एकांनी विचारलं. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात उपक्रमाला आणि तोंडी कामाला जागा आहे, तिथे बसवलं. आवाज फार होतो, शेजारचा वर्ग वैतागतो. सनावळ्या पाठ होण्याच्या दृष्टीने म्हणाल तर काही फरक पडला नाही. चाचणीत निम्म्यांनी सुप्याचा दंगा १८५७ च्या आसपास नेऊन ठेवला. आणि वर्षभराचा सगळा अभ्यासक्रम असा शिकवता येत नाही, येऊही नये. चार-पाच मुलं अशीही होती ज्यांना उभं राहून बोलण्याचा खरोखर त्रास होतो. त्यांना मी पंच केलं, निशाणीला साक्ष म्हणून फक्त नाव लिहायचं. त्यात ती खूश होती.

फरक दिसला तो कारणांच्या उत्तरात. ‘उठावाची कारणे लिहा’ म्हटलं की एरवी सावकारांची पिळवणूक, जाचक करपद्धती, शेतमालाचे पडलेले भाव अशी तीन पाठ वाक्यं येतात, एकाखाली एक, एकमेकांशी काही संबंध नसलेली. या वेळी बऱ्याच वह्यांत ती एकमेकांत गुंतलेली आली. सारा रोख म्हणून कर्ज, कर्ज कापसाच्या जिवावर, कापूस पडला म्हणून उधार बंद, उधार बंद म्हणून जुनं खत बाहेर. भाषा ओबडधोबड, पण साखळी बरोबर. घरी सातबारा काढून ‘इतर हक्क’मधला सोसायटीचा बोजा बघून आलेलीही दोघं-तिघं निघाली. एकीने आजीला विचारलं की आपली जमीन कधी गहाण होती का. आजीने जे सांगितलं ते तिने वर्गात सांगितलं नाही, मला नंतर सांगितलं. ते इथे नको.

शेवटचा तास अहवालाचा होता. बिल्ले काढून ठेवायचे, जागा बदलायच्या, सावकाराने रयतेच्या बाकावर बसायचं, आणि मगच बोलायचं. हे न केल्यास वर्गातलं भांडण पोरं घरापर्यंत नेतात. आयोगाने सावकाराला दोष दिला. दोन सदस्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली आणि साऱ्याचा मुद्दा त्यात घातला. त्यानंतर मी १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा सांगितला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकायचं नाही, कोर्टाने नुसतं खत न बघता पहिल्यापासूनचा व्यवहार तपासायचा, दस्त सरकारी नोंदणी करणाऱ्यासमोरच व्हायचे. वर्ग खूश झाला. ऐंशीच दिले होते, हे आता कोर्टाला ऐकावं लागणार होतं.

काळूराम झालेली मुलगी मात्र रयतेच्या बाकावर बसूनही खूश दिसेना. म्हणाली, “मी आता गहाणखत घेणारच नाही.”

“मग?”

“सरळ खरेदीखत लिहून घेईन. जमीन विकली म्हणून. पैसे फेडले तर परत देईन, असं तोंडी सांगायचं.”

कायद्यातून वाट काढायला सावकारांनी पुढे नेमकं हेच केलं होतं: कर्जाला विक्रीचा मुखवटा. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा वर्गाने तिच्याकडे जरा संशयानेच पाहिलं आणि ती पहिल्यांदा लाजली.

यंदा चिठ्ठ्या-खतांच्या पिशवीत तसं एक खरेदीखत वाढवलं आहे, मोडीतच, खाली नांगर. साल टाकलंय १८८८. तेव्हा या कायद्याखाली खास न्यायाधीश होते महादेव गोविंद रानडे, म्हणजे खुर्चीत या वेळी पुतळा असलेला माणूस येणार. रानडे व्हायला वर्गातले तिघे तयार आहेत आणि तिघांनीही पगडी कुठे मिळेल ते विचारलंय.